वीणेचा घट्टा

"जरा वर. आणखी वर. शेवंते, पाठ आहे माझी, पाटा नाही. हलक्या हातानं चोळ."

प्रयागआक्का मधल्या खोलीत पाटावर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे कोमट तेलाची वाटी घेऊन. आक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हा त्या माहेरी आल्या, त्या कायमच्याच. मी लग्न होऊन या घरात आले, माप मी ओलांडलं, पण किल्ल्या त्यांच्याच कमरेला राहिल्या. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच की तेल कसं लावायचं हेसुद्धा त्या मला शिकवायच्या.

गावात सप्ताह बसला होता. आमचं गाव चिखलीहून बरंच आत, कच्च्या रस्त्याचं, पण सप्ताह असा की आसपासच्या वाड्या लोटतात. विठ्ठलाच्या देवळात वीणा अखंड चालू. एकदा उभी राहिली की काल्यापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्यानं नाम थांबवायचं नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची. त्या वेळी दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, उराउरी भेटायचं. दुपारचा पहारा आम्हा बायांचा, आणि त्यातली मानाची वीणा आक्कांची. उभं राहून त्यांचा खांदा भरून येई, म्हणून घरी आल्यावर हे तेल.

खांद्यावरून माझा हात डाव्या काखेखाली उतरला आणि बोटांना काहीतरी लागलं. सुपारीएवढं, टणक. काखेतून छातीकडे वळतो ना आपण, तिथं.

"आक्का, इथं गाठ आहे."

आक्कांनी पदर ओढून घेतला. "गाठ नाही ती. घट्टा आहे. वीणेचा."

"वीणेचा?"

"मग काय तर. हमालाच्या खांद्याला पडतो, सुताराच्या तळहाताला पडतो. मला वीणा धरून धरून इथं पडला. तुला कुठून ठाऊक असणार माय? तुझ्या हातात टाळ दिला तर उजव्या हाताचं डाव्याला कळत नाही."

हे खरं होतं. कीर्तनावर माझा जीव, पण ताल माझ्या वाट्याला आला नाही. मी टाळी वाजवायला लागले की शेजारची बाई सरकून बसते. भजनी मंडळात मला कुणी टाळ देत नसे. माझ्याकडं प्रसादाचं काम असे, शिरा वाटायला ताल लागत नाही म्हणून.

आता तुम्ही मला वेडी म्हणाल, पण त्या क्षणी मला काळजी वाटली नाही, हेवा वाटला. इतकी वर्षं कीर्तनाला पहिल्या रांगेत बसून मांडीला मुंग्या येण्यापलीकडे माझ्या अंगावर भक्तीची काही खूण उमटली नव्हती, आणि यांना देवानं शिक्काच मारून दिला. मी तेलाचे हात तसेच जोडले आणि कपाळाला लावले. आक्कांनी तो नमस्कार मोठ्या मनानं घेतला.

"आता कमरेला लाव," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी कीर्तन रंगलं. महाराज तरुण होते, गळा गोड, आणि बोलता बोलता मध्येच अशी तान घ्यायचे की पखवाजवाल्याचा हात हवेतच राहायचा. त्यांनी कंदिलाचा दृष्टांत दिला. म्हणाले, काचेवर काजळी धरली तर लोक ज्योतीला नावं ठेवतात. अरे, काच पुसा ना. ज्योत देवाची आहे, काच तुमच्या हवाली केलीय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, अर्थात चुकीच्या मात्रेवर. पण मान डोलावता डोलावता ती सुपारी बोटांना पुन्हा जाणवली. काच म्हणजे देह, तर मग ही काजळी तर नव्हे?

दुसऱ्या दुपारी मी शिरा बाजूला ठेवला आणि नुसती आक्कांकडे बघत बसले. त्या वीणा घेऊन उभ्या होत्या. डोळे मिटलेले, चेहरा असा शांत की मूर्तीनंच उठून यांच्या पाया पडावं. पट्टा मानेत, दांडी डाव्या खांद्यावरून वर गेलेली, भोपळा उजव्या कुशीला. डाव्या काखेशी वीणेचं काही येणं-जाणंच नव्हतं.

घरी पंगतीसाठी वांगी चिरताना मी विषय काढला.

"आक्का, वीणेचा भोपळा तुमच्या उजवीकडे असतो."

"असतो."

"आणि घट्टा डावीकडे."

आक्कांची विळी थांबली. मग पुन्हा चालू झाली. "देवाला डावं-उजवं नसतं."

"घट्टा कातडीवर पडतो. तुमची कातडी मऊ आहे, खडा आत आहे. आणि त्याच्यावर कातडी आत ओढल्यासारखी दिसते, खळी पडल्यागत."

"खळी पडते म्हणून तर लहानपणी मला सगळे गोड म्हणायचे."

"गालावर पडायची ती. दुखतं का तिथं?"

"मुळीच नाही. दुखलं असतं तर मीच नसते का गेले डॉक्टरकडं? तू वांगं बघ, देठासकट चिरलंस."

आमची एकुलती उज्ज्वला चिखलीला डी.एड. करत होती, सप्ताहासाठी घरी आली होती. शिवाय काल्याच्या दिवशी मेहकरकडचे पाहुणे यायचे होते. मुलगी त्यांना पसंत होती, आता बोलणी पुढं न्यायची होती. मी उजूला परसात गाठलं आणि सगळं सांगितलं. नमस्कार केल्याचं मात्र गाळलं.

ऐकताना तिचा चेहराच बदलला. "आई, न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. आमच्या कॉलेजात डॉक्टर मॅडम आल्या होत्या, त्यांनी घोकून घेतलं आमच्याकडून. सगळ्याच गाठी वाईट नसतात. पण ते आपण तेल लावता लावता ठरवायचं नाही. तपासून ठरतं. उद्याच नेते आत्याला."

आत्या कुठली येते. "माझा पहारा आहे. तुम्ही दोघी सांगा, वीणा खाली ठेवू?"

"दुसरी कोणी घेईल," उजू म्हणाली.

"कोण? सुभद्रेचे गुडघे गेले, कासाबाईची सून बाळंत झालीय. काला होऊ दे, पाहुणे जाऊ दे, मग बघू."

"मी घेते," मी म्हणाले.

आक्का आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते पदरानं तोंड दाबलं तरी थांबेना. "तू? अगं, तुझ्या गळ्यात वीणा दिली तर पांडुरंग कानांवर हात ठेवायला कमरेवरचे हात काढेल."

"तेवढाच त्यालाही आराम," मी म्हणाले.

"कंदिलाचा दृष्टांत ऐकलात ना काल?" मी पुढं रेटलं. "काच तुमच्या हवाली केलीय म्हणे."

"ऐकला. पण ज्योत लावलेली असताना काच काढू नये, हात भाजतो. सप्ताह झाल्यावर पुसू." दृष्टांताला दृष्टांत देण्यात आक्कांना कुणी हरवलं नाही. महाराजांनीसुद्धा नाही.

पण आमच्या देवळाचा एक रिवाज होता. पहाऱ्यात जो कुणी पुढं येऊन वीणेसमोर वाकेल, त्याला नाही म्हणायचं नाही. मग तो लहान असो, मोठा असो, बेताल असो. त्याच्या पुढच्या दुपारी उजूनं रस्त्यावर जीप आणून उभी केली. आक्कांनी वीणा गळ्यात घेऊन नाम सुरू केलं न केलं तोच मी धुतलेलं लुगडं नेसून त्यांच्यासमोर जाऊन वाकले.

बायांच्यात खसखस पिकली. सुभद्राबाई म्हणाल्या, "शेवंता, शिरा आज लवकर संपला का?" मी मान वर केली नाही.

आक्कांना सुटका नव्हती. नाम न थांबवता त्यांनी पट्टा काढला आणि माझ्या मानेत घातला. आम्ही एकमेकींच्या पाया पडलो. मग उराउरी भेटायला त्यांनी मला जवळ घेतलं. माझ्या कानाशी त्यांचं तोंड आलं आणि त्या कुजबुजल्या.

"काय मांडलंस हे शेवंते. पोरीची सोयरीक मोडशील. माझ्या आईलाही इथंच होती. डावीकडंच. शेवटी फुटली. मीच धुवायचे. गावाला पाठीचं दुखणं सांगितलं, म्हणून तुझ्या नवऱ्याला बायको मिळाली. मी घट्टा म्हणते तर काल्यापर्यंत घट्टा राहू दे की."

म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला तेल लावायला बसवून, माझा नमस्कार घेऊन, माझ्याच लेकीसाठी ही बाई त्या खड्याला देवाचं नाव देऊन बसली होती. आणि सासूबाई कशानं गेल्या हे या घरात इतकी वर्षं पोळ्या लाटूनही मला कळलं नव्हतं.

मला खूप काही बोलायचं होतं. पण वीणा माझ्या गळ्यात होती आणि वीणेकऱ्यानं नाम सोडायचं नसतं. मी तार छेडली आणि तोंड उघडलं.

"विठ्ठल विठ्ठल... जीप उभी आहे... विठ्ठल विठ्ठल... निघा आता... विठ्ठल विठ्ठल... उद्या पोरीलाही निघाली, पोरगीच नाही राहिली तर सोयरीक कुणाची... विठ्ठल विठ्ठल... निघा आता..."

मागच्या बायांना वाटलं ही नवीन चाल आहे. त्यांनी टाळावर धरली. "निघा आता" हे तर इतकं उचललं की सगळा मंडप म्हणू लागला. आक्का माझ्यापुढं उभ्या, आणि चाळीसएक बाया त्यांना एका सुरात सांगताहेत, निघा आता, निघा आता. त्यांनी एकदा मूर्तीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग चपला शोधायला वळल्या. जाताना सुभद्राबाईंना म्हणाल्या, "हिची मात्रा सावरा जरा."

मी दोन पहारे उभी राहिले. माझ्या तालानं कुणी पळून गेलं नाही. पळता येत नाही ना, सप्ताह असतो.

त्या परत आल्या तेव्हा दिवेलागण होत होती. उजूनं मला बाजूला घेऊन सांगितलं. चिखलीच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, दोन्हीकडं, काखेतही. गाठ चांगली वाटत नाही, उगाच दिवस घालवू नका, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणाल्या. तिथं फोटो काढतील, सुईनं गाठीतला तुकडा घेऊन तपासतील, मग पक्कं कळेल.

"आणि घरात आणखी कुणाला होतं का विचारलं," उजू म्हणाली, "तर आत्या नाही म्हणाली."

मी तिला खरं सांगितलं. ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली.

"आई, पाहुण्यांनी विचारलं तर?"

"तू काय म्हणतेस?"

"खोटं बोलून गेले तर आयुष्यभर तपासायला जाताना चोरून जावं लागेल मला."

काल्याचं कीर्तन झालं, दही-लाह्या वाटून झाल्या, आणि पाहुणे घरी जेवायला आले. मुलगा, त्याची आई, त्याचे काका. मुलाची आई चांगली बाई होती, बोलायला मऊ. जेवता जेवता तिनं विचारलं, असल्या वेळी विचारतात तसंच, "उज्ज्वलाची आजी कशानं गेली हो?"

आक्का वरण वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "पाठीच्या..." त्यांनी सुरुवात केली.

"छातीच्या गाठीनं," मी म्हणाले. "आता आक्कांनाही निघालीय. उद्या आम्ही औरंगाबादला चाललोय."

यजमान माझ्याकडं बघत राहिले. वरणाची पळी पातेल्यात गेली ती बाहेर आली नाही. काकांनी भाताचं आळं मोडलं, पुन्हा केलं. मुलाची आई म्हणाली, "असं का," आणि तिनं खरंच मनापासून विचारपूस केली. जाताना माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "कळवतो."

मुलीच्या आईला त्या एका शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

औरंगाबादच्या एस.टी.त आक्का खिडकीशी बसल्या, माझ्याकडं पाठ करून. देऊळगाव राजा गेलं, जालना गेलं, त्यांनी एक शब्द टाकला नाही. शेवटी उजूच म्हणाली, "आत्या, तू उगाच रुसलीस. तो मुलगा चहा बशीत ओतून फुंकर मारायचा आणि फुंकर मारता मारता माझ्याकडं बघायचा. मला वाटायचं मीच गरम आहे."

आक्का खिडकीबाहेरच बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलायला लागले.

"आणि कढी ओरपायचा," उजू म्हणाली.

"ओरपायचा, मीही ऐकलं," आक्का म्हणाल्या. मग हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी पोरीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. माझ्याशी मात्र तरीही बोलल्या नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. आक्का आहेत. त्यांचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. हात उचलायचे व्यायाम त्यांनी आरती म्हणत केले. डॉक्टर म्हणाले, गाठ काखेच्या आत थोडी पोचली होती. आणखी थांबला असतात तर अवघड होतं. उजूनं पुढं स्वतःच एक शिक्षक शोधला आणि पहिल्याच भेटीत त्याला आजी आणि आत्या दोघींचं सांगून टाकलं. तो म्हणाला, माझ्या वडिलांना शुगर आहे, तेही लिहून घ्या. परवाच आक्कांनी मला ऐकवलं की मी आरतीलासुद्धा एक मात्रा उशिरा येते. तर एवढं झालं.

पण मला जे सांगायचंय ते दवाखान्यातल्या पहिल्या सकाळचं. तपासणीच्या खोलीत तरुण डॉक्टर बाई होत्या, केस आखूड, बोलणं झटपट. आक्कांना खाटेवर बसवून त्यांनी सगळी माहिती विचारली. वय, मुलंबाळं, पाळी कधी थांबली. आक्का जमिनीकडं बघून उत्तरं देत होत्या. मग तो प्रश्न आला.

"घरात आणखी कुणाला असं होतं?"

मी दातांत जीभ धरली. उजूनं माझं मनगट धरलं. पाहुण्यांपुढं मी बोलून बसले होते, पण हे उत्तर माझं नव्हतं.

आक्कांनी पदर सावरला. मग मान वर करून म्हणाल्या, "माझ्या आईला. भागीरथीबाई नाव. लिहा. छातीचा कॅन्सर."

आमच्या घरात हे दोन शब्द तोवर कुणी एकत्र उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर आक्कांनाच नवल वाटल्यासारखं झालं. छत जागेवर होतं. डॉक्टर बाई शांतपणे लिहीत होत्या.

"वय काय होतं त्यांचं?"

"पन्नाशीही नव्हती. दवाखान्यात नेलं नाही. बाईमाणसानं अंग दाखवायचं कुणाला, असं सगळे म्हणाले. तिनंही तेच म्हटलं. मी सोळा वर्षांची होते, मी काय बोलणार." त्यांनी उजूला पुढं ओढलं. "ही माझी भाची. हिनं काय करायचं तेही सांगा."

डॉक्टर बाईंनी उजूला नीट समजावलं. घाबरायचं नाही, घरात होतं म्हणजे होईलच असं नाही. पण धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून स्वतःचं अंग ओळखीचं ठेवायचं, काही वेगळं वाटलं की लगेच यायचं, आणि इतर बाया सुरू करतात त्याच्या आधीपासून डॉक्टरकडून नेमानं तपासून घ्यायचं.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि या?"

"भावजय," आक्का म्हणाल्या. एस.टी.त बसल्यापासून माझ्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

"मी बाहेरची," मी घाईनं म्हणाले. "माझं यांच्याशी रक्ताचं नातं नाही."

"चाळिशी झाली ना?"

"झाली."

"मग त्याला रक्ताचं नातं लागत नाही. या, बघून घेऊ."

माझा हात आपोआप पदरावर गेला. आक्कांना जीपकडं पाठवताना मी केवढी शूर होते. आता या खोलीत माझ्या तोंडून एकामागून एक निघायला लागलं. आज नको, मी काही तयारीनं आले नाही. पुढच्या खेपेला नक्की. सप्ताहाची भांडी अजून मोजून परत द्यायचीत. आणि मुळात मला कुठं काय झालंय?

आक्का खाटेवरून उतरल्या. रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांनी चादर सारखी केली, हातानं सुरकुत्या मोडल्या, माझी सोय करावी तशी.

"काही झालेलं नाही, तोवरच दाखवायचं असतं, शेवंते," त्या म्हणाल्या. "चढ वर. आणि पदर सोड, मी धरते."